ती गोळी तू दिली नव्हतीस

मेहरूण, जळगाव

माय,

रविवारी तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि ओट्यावर आबा आणि आम्ही दोघं भावंडं, भटू आणि मी, असे तिघंच उरलो. तेव्हा मी सांगून टाकलं. "भटूला ज्या गोळ्यांनी मरणाच्या दारात नेलं होतं, त्या गोळ्या मी आणल्या होत्या. मायला खोटं सांगून मी त्या तिच्याच हातून त्याला दिल्या. तिचा काही दोष नव्हता."

तू असतीस तर मला याही वेळी गप्प केलं असतंस. इतकी वर्षं तेच केलंस ना? मी तोंड उघडलं की तुझं एकच, "जाऊ दे." म्हणून आज हे पत्र. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून पहिल्यापासून शेवटपर्यंत तू कधीच ऐकलं नाहीस. आता ऐक.

धुडकूमामाला मी पाहिलेलं नाही. तो तुझ्या पाठचा भाऊ. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला तुझं माहेर, आणि तिथेच तो अठराव्या वर्षी गेला एवढंच आम्हाला माहीत होतं. लोक म्हणत, हिवतापाने गेला. तू मात्र शेंगा तोडताना, बाजरी पाखडताना, कधीही विषय निघाला की ठाम सांगायचीस, "ताप ते उतरी जायेल व्हता. तेले ती गोई लई गयी."

तू सगळं पाहिलेलं होतंस. ताप उतरला होता, मामा उठून भाकरी खाऊ लागला होता. मग पाच दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. आठवडा काढला नाही त्याने. तुझ्या मोठ्या मावशीच्या मुलाचंही तसंच झालं होतं. तो मरता मरता वाचला. तेवढ्यावरून तू एक नियम काढलास. तुझ्या माहेरच्या रक्ताच्या गड्यांना ती गोळी सोसत नाही. बायांना काही होत नाही, आणि गड्यांतही सगळ्यांना होत नाही. ज्याला होतं त्याला त्याच्या आईच्या बाजूने येतं.

हे ऐकून मी हसायचे, माय. तेव्हा मी धुळ्यात, देवपूरला आत्याकडे राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होते. आदल्याच वर्षी आम्हाला रंगांधळेपणा शिकवला होता. आईकडून मुलाला जातो, मुली बहुधा सुटतात, पण पुढच्या मुलांना देतात. परीक्षेत मी चौकोन आखून ते उदाहरण बरोबर सोडवलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि घरी माझी आई शेंगा तोडता तोडता तेच उदाहरण तोंडी सोडवत होती, तर मला ते ओळखू आलं नाही. का? तू ते अहिराणीत सांगत होतीस म्हणून?

मग ती दिवाळीची सुट्टी आली. रविवारी सकाळी सगळं गाव एका टीव्हीपुढे बसायचं ते दिवस. भटू अकरावीत होता. त्याला दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. मलेरियाचे कर्मचारी घरी आले, बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, तापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ते पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन पुन्हा आले आणि तू त्यांना दारातच थांबवलंस.

"ह्या नको, भाऊ," तू म्हणालीस. "आमना घरम्हा चालत नही."

भला माणूस होता तो. त्याने समजावलं, "मावशी, या नाही घेतल्या तर ताप पुन्हा उलटून येईल. साऱ्या गावाने घेतल्या, कुणाला काही झालं नाही." त्याचंही चुकीचं नव्हतं. पण तू हलली नाहीस. ओट्यावर बसलेली दोन-चार माणसं हसली. आबा चिडले. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. विज्ञान शिकणाऱ्या मुलीची आई सरकारी औषध परत पाठवते!

मी तुला आत नेऊन बोलले. काय काय बोलले ते आठवतं तुला? अडाणी म्हणाले. गावात मान खाली घालावी लागते म्हणाले. तू पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू शिकेल शे. पण मी देखेल शे."

मी मागच्या दाराने निघाले आणि वळणावर त्या कर्मचाऱ्याला गाठलं. मी शिकलेली, म्हणून त्याने विश्वासाने पुडी माझ्या हातात दिली. घरी आल्यावर मी त्या गोळ्या दुसऱ्या कागदात बांधल्या आणि तुला म्हटलं, "या ताकदीच्या गोळ्या आहेत, तापाने अशक्तपणा आलाय ना त्याला. रोज जेवणानंतर दोन दे." तुला वाचता येत नव्हतं. आलं असतं तरी कागदावर काय होतं? तू मला विचारलंस, "त्या नहीत ना?" मी म्हटलं, "नाहीत."

तीन दिवस तू स्वतःच्या हाताने त्या त्याला दिल्यास. वर दूधही.

चौथ्या दिवशी सकाळी भटू गोठ्यामागून आला आणि म्हणाला, "माय, काळं व्हई राहिनं." तू चुलीपुढून उठलीस. त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्यास. मग फडताळातली पुडी घेतलीस, तळहातावर उघडलीस, आणि माझ्याकडे पाहिलंस.

"काय दिन्हं तू त्याले?"

तू आवाज चढवला नव्हतास. मला रडू फुटलं, तर तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "रडू नको. आते काय कराणं ते सांग." आणि मग सगळं तूच केलंस. शेजाऱ्यांची मॅटॅडोर काढायला लावलीस, राहिलेल्या गोळ्या पदरात बांधल्यास, भटूला मांडीवर घेतलंस. साक्रीला डॉक्टरांनी पाहिलं आणि हात न लावता धुळ्याला पाठवलं. वाटेत भटूचे ओठ पांढरे पडत गेले. तुझा हात सबंध वाटेत त्याच्या छातीवर होता.

धुळ्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "कुठलं औषध दिलं याला? कुणी दिलं?" आबा शेजारी उभे होते. गावातले दोघं होते. मी तोंड उघडायच्या आत तू पदराची गाठ सोडलीस आणि म्हणालीस, "मी दिन्ह्या."

आबा बघतच राहिले. "तूच ते नको म्हणे. मंग का दिन्ह्या?"

"बठ्ठा गाव म्हणे दे. म्हणीसन दिन्ह्या."

मग आबा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर बोलले. तू भिंतीला टेकून ऐकत राहिलीस. आणि मी? मी तुझ्या शेजारी उभी होते आणि गप्प होते.

त्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न मात्र असा विचारला, जो त्याआधी तुला कुणीच विचारला नव्हता. "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" तू धुडकूमामाचं सांगितलंस, मावशीच्या मुलाचं सांगितलंस, बायांना होत नाही हेही सांगितलंस. बाई लिहीत होत्या, त्यांनी लिहिणं थांबवलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन्ही नही. मी देखं."

बाई माझ्याकडे वळल्या. मी काय शिकते ते विचारून म्हणाल्या, "तुमच्या आईने जे सांगितलं, त्याला नाव आहे. रक्तातलं एक एन्झाइम कमी असतं. जी-सिक्स-पीडी. याला रक्त द्यावं लागेल, आणि किडन्या सांभाळाव्या लागतील. पण कारण कळलंय, म्हणजे अर्धं काम झालं."

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. एक आबांची होती. पाचव्या दिवशी लघवीचा रंग निवळला आणि भटूने वरणभात मागितला. तू त्याला भरवलंस, मग नळावर जाऊन तोंड धुतलंस. बराच वेळ धूत होतीस.

मी देवपूरला परत गेले ती थेट आमच्या सरांकडे. त्यांनी मला कपाटातून पुस्तकं काढून दिली आणि मी वाचत बसले. शरीराला प्राणवायू लागतो हे मला ठाऊक होतं. तोच प्राणवायू आतून पेशी जाळतोही, हे मी पाठ केलेलं होतं, समजलेलं नव्हतं. त्या जळण्यापासून वाचवायला प्रत्येक पेशीत विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, पहारा असतो. कॅटालेज असतं, पेरॉक्सिडेज असतं. ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ तो मारा स्वतःवर झेलतो आणि झेलून झेलून निकामी होतो. त्याला पुन्हा उभं करायला जे लागतं, ते तांबड्या पेशीत जी-सिक्स-पीडीच्या जिवावर मिळतं. एरवी थोडं कमी असलं तरी निभावतं. अशा माणसाच्या पोटात ती गोळी गेली की मारा एकदम वाढतो, पहारा मोडतो, आणि पेशी फुटून रक्त लघवीवाटे जातं.

घरी येऊन मी तुला हे सांगितलं तेव्हा तू कांद्याची रोपं निवडत होतीस. दोनदा सांगायला लावलंस. मग म्हणालीस, "म्हंजे राखणदार शे, पण त्याना हातम्हा काठी नही. आणि काठी देणारं ते तुनं जीशिक्स."

सरांना मी हे वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "यापेक्षा चांगलं मला वर्गात सांगता आलेलं नाही."

तपासणी लगेच करून उपयोग नव्हता. रक्त फुटल्यावर ज्या नव्या पेशी येतात त्यांच्यात हे एन्झाइम पुरेसं असतं, त्यामुळे रिपोर्ट फसवतो. आणि बाटलीतलं रक्त दुसऱ्यांचं. म्हणून तीन-चार महिने थांबलो. उन्हाळ्यात तू भटूला घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलीस. सरांनी दोन नळ्यांत रक्त घेतलं, एकीत माझ्या वर्गमित्राचं, एकीत भटूचं. दोन्हींत निळा रंग टाकला. चांगल्या रक्तात हा निळा रंग तास-दीड तासात उडतो आणि तांबडं दिसू लागतं. आपण सगळे स्टुलांवर बसून राहिलो. वर्गमित्राची नळी तांबडी झाली. भटूची दुपार टळली तरी निळीच.

तू दोन्ही नळ्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिलंस. "मंग मी येडी नही ना?" असं विचारलंस. सर म्हणाले, "नाही, मावशी."

आणि लगेच तुझा चेहरा पडला. "पण मंग हाई मन्हाकडथीनच गयं त्याले. धुडकूनं बी आमना मायकडथीन."

मी म्हटलं, "माय, ते तुला कुणी विचारून दिलं का? आणि तू ते ओळखलंस. दुसऱ्या कुणी ओळखलं?" त्या वर्षभरात मी तुला बरोबर असं बोलले ते हे एकच वाक्य असेल.

त्यानंतर जे केलंस त्याचा मला अजून अभिमान वाटतो. तू माहेरी गेलीस. तुझ्या दोन बहिणी, मावशीच्या मुली, त्यांचे मुलगे, सगळ्यांची नावं तुला तोंडपाठ होती. कोण कुणाच्या पोटचा, कोण सख्खा, कोण सावत्र, सगळं. मी वहीत आखत गेले आणि तू सांगत गेलीस. दोन पानं जोडावी लागली. मग एका सोमवारी सकाळच्या एस.टी.तून तू नऊ पुरुषांना धुळ्याला घेऊन उतरलीस. मोठा पन्नाशीचा, धाकटा सात वर्षांचा. सरांनी नळ्या मांडल्या. चार निळ्या राहिल्या.

तिथेच धाकट्या मावशीचे यजमान कुरकुरले. "हाई गावम्हा कळनं ते आते आमना पोरीस्ले कोन करी?"

तू म्हणालीस, "पोरीस्ले काही व्हत नही. त्यास्ना पोऱ्याले व्हयनं, ते एक गोई टाळानी शे. एक गोई टाळता येस नही का तुम्हले?"

 चौघांची चार कार्डं मी लिहिली, कुठली औषधं टाळायची ते मोठ्या अक्षरात. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत हेही लिहिलं. तू ती यादी ऐकून पाठ केलीस आणि माहेरच्या प्रत्येक बाळंतिणीला बजावून आलीस. त्या चौघांपैकी दोघांना पुढे हिवताप झाला. दोघांनी आधी कार्ड दाखवलं, आणि डॉक्टरांनी त्यांना सोसेल असं बेताने औषध दिलं. दोघंही रविवारी तुझ्या पंगतीला होते.

पण घरात मात्र तू गुन्हेगारच राहिलीस. भटूला साधी सर्दी झाली तरी आबा म्हणत, "तिना हातनं औषध नको." पाहुण्यांपुढे म्हणत. तू ऐकून घ्यायचीस. लग्न होऊन मी जळगावला आले, एम.एस्सी. पुरी केली, लॅबमध्ये लागले. तू मेहरूणला राहायला आलीस की मी दर वेळी म्हणायचे, आता मी आबांना सांगते. तू म्हणायचीस, "तव्हय सांगती ते तुनं शिकाणं त्याच दिन बंद व्हतं. आते सांगीसन काय? जाऊ दे."

माय, इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. तू मला वाचवलंस हे खरं. त्या दिवशी व्हरांड्यात खरं सांगितलं असतंस तर आबांनी मला देवपूरहून त्याच संध्याकाळी उचलून आणलं असतं, आणि आज मी कुठे असते? पण पुढे, मी माझ्या पायावर उभी राहिल्यावर, ते ओझं मला परत का दिलं नाहीस? आणि मी तरी का मागून घेतलं नाही? तू "जाऊ दे" म्हणायचीस आणि मला आतून बरं वाटायचं. ही माझी खरी चूक. गोळ्या दिल्या तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, मला वाटत होतं मी भावाचं भलं करते आहे. नंतरची सगळी वर्षं मला नीट कळत होतं, तरी मी गप्प राहिले.

तर रविवारी मी बोलले. भटू उठून गोठ्यात गेला, बैलांना चारा टाकला, परत आला. आता तोही बाप झालाय. झोपलेली पोर त्याने खांद्यावर घेतली. म्हणाला, "अक्का, गोई कोन्ही दिन्ही तेनं माले काही नही. तू काही मारासाठे नही दिन्ही. पण माय इतला वरीस बोलणी खात राहिनी, तेनं दुखस." मी मान हलवली. 

 मला वाटलं, आबा रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी तिले बठ्ठास्ना समोर बोलनू. आते ती नही शे. मी कोणाले सांगू?"

सोमवारी सकाळी मी उठले तर आबा घरात नव्हते. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकटा, पहिल्या एस.टी.ने तुझ्या माहेरी गेला. दोन्ही मावश्यांच्या घरी गेले. संध्याकाळी परतल्यावर मला एवढंच कळलं, की दोन्ही घरी त्यांनी चहा घ्यायच्या आधी सांगितलं, तिचा काही दोष नव्हता, मीच तिला उगाच बोललो. मग आपल्या गावच्या पारावर गेले आणि तिथेही तेच सांगितलं. कुणी विचारलं, मग दोष कुणाचा? आबा म्हणाले, "तो आमना घरना प्रश्न शे." मी त्यांना म्हटलं, माझं नाव सांगा, मला चालेल. त्यांनी ऐकलं नाही. या घरात सगळे मला वाचवायलाच बसलेत का, माय?

तेव्हा आता माझं ऐक. भटूच्या मुलीला त्याच्याकडून हे आलेलंच आहे. बापाकडून मुलीला ते चुकत नाही. ती मोठी होईल, तिचं लग्न ठरेल. तेव्हा कुणी तिच्या रक्तात खोट आहे असं कुजबुजायच्या आत मी तिला समोर बसवून सगळं सांगेन. रक्तात काय आहे ते, कुठली औषधं टाळायची ते, तिला मुलगा झाला तर त्याला कसं जपायचं ते. तिच्या सासरीही मीच जाऊन सांगेन, ताठ मानेने. आणि हे पहिलं कुणी ओळखलं ते सांगताना तुझं नाव घेईन. तुला खोटं सांगून पुडी कुणी बांधली ते सांगताना माझं नाव घेईन. यातलं एकही नाव मी गाळणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी आंडेर,
मंगल